तिसरी पिन

कचेरीत त्याला सगळे टेस्टर म्हणत. इतरांच्या खिशाला पेन असतं तसा याच्या शर्टाच्या खिशाला टेस्टर अडकवलेला असायचा. लग्नकार्याला गेला तरी तो निघायचा नाही. "तुम्ही कुणाच्या घरी गेलात की आधी त्यांची बटणं बघता आणि मग माणसं," असं बायको म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. एकतीस वर्षांत नोकरीनं तेवढंच शिकवलं होतं. विजेच्या धक्क्यानं कुणी दगावलं की विद्युत निरीक्षण कचेरीतून एक साहेब जायचे आणि त्यांच्यामागे पिशवी घेऊन हा मदतनीस. साहेब येत गेले, बदलून जात राहिले. मदतनीस तोच राहिला.

"साप निघून गेल्यावर भुई धोपटायची, आणि धोपटल्याचा अहवाल तीन प्रतींत द्यायचा," असं तो स्वतःच्या कामाबद्दल सांगायचा. ऐकणारे हसायचे. तो आताशा हसत नसे.

नोकरीच्या आधी तो चांगला वायरमन होता. हात हलका होता, त्यानं जोडलेलं वर्षानुवर्षं टिकायचं. पण कचेरीत लागल्यापासून त्यानं दुरुस्त असं काही केलंच नाही. जळलेलं उघडायचं, बघायचं, चिठ्ठी लावून पिशवीत घालायचं. निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलं होतं. सकाळी उठला की अंग आधीच दमलेलं असायचं, जसं काही झोप म्हणजेही एक पाळी होती आणि ती करून तो आत्ताच परतला होता.

त्या आठवड्यात त्यानं तीन घरं पाहिली होती. रविवारी तो थोरल्या बहिणीकडे गेला तो निव्वळ आडवं व्हायला. ताई अडुसष्ट वर्षांची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं ऑपरेटर होती आणि आवाजात ती जरब अजून तशीच होती. आईवडील लवकर गेले, तेव्हा याला तिनंच वाढवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची.

तो दारातून आत शिरला तेव्हा ताई हातात लाकडी उलथनं घेऊन टेबलफॅनसमोर उभी होती. हात लांब करून, मान मागे घेऊन, तिनं उलथन्याच्या टोकानं पंख्याचं बटण फिरवलं.

"हे काय चाललंय?"

"दिसत नाही? पंखा बंद करतेय."

"उलथन्यानं?"

"हाताला चिमटे काढतो मेला. उलथन्याला नाही काढत."

तो चपला काढता काढता थांबला. खिशातला टेस्टर काढून त्यानं ताईला पंखा पुन्हा लावायला सांगितला, आणि टेस्टरचं टोक पंख्याच्या लोखंडी जाळीला टेकवलं. आतला दिवा लाल पेटला. अख्ख्या पंख्याच्या अंगात वीज खेळत होती.

त्यानं जाऊन आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग प्लग उपसला. "किती दिवस झाले याला?"

"थंडी संपली, तेव्हापासून."

"म्हणजे दोन महिने! ताई, मी असल्याच चिमट्यांनी गेलेली माणसं बघतो गं. आठवड्याला दोन-दोन."

"बघत असशील. मी रबरी चपला घालते. आणि ओरडू नकोस, घसा बसलाय तुझा."

नवा पंखा आणून देतो म्हटलं, तर ती ऐकायला तयार नव्हती. हा पंखा तिनं पहिल्या पगारात घेतला होता. ओतीव लोखंडाचा पाया, पितळी पाती, मान डावी-उजवीकडे फिरवणारा. "रात्रपाळी करून दिवसा झोपायचे मी, ती याच्या आवाजावर. तुमचे ते प्लास्टिकचे पंखे नुसते फडफडतात. याला निदान बोलता येतं."

"बोलतो आणि चिमटेही काढतो."

"घरातली माणसं तेच करतात," ताई म्हणाली.

सोमवार-मंगळवार त्यानं रजा टाकली. साहेबांनी फोनवर कारण विचारलं तर म्हणाला, घरी काम आहे. एकतीस वर्षांत त्यानं असं सांगितल्याचं कुणाला आठवत नव्हतं, म्हणून रजा लगेच मिळाली.

सोमवारी सकाळी त्यानं ताईचं जेवायचं टेबल खिडकीपाशी ओढलं, त्यावर जुनी चादर अंथरली आणि पंखा वर ठेवला. पहिली गोष्ट केली ती म्हणजे प्लग सुतळीनं पंख्याच्याच मुठीला बांधून टाकला.

"हे कशाला?" ताईनं विचारलं.

"मी वाकून काम करत असताना कुणी मायेनं प्लग लावू नये म्हणून. निम्मे अपघात मायेनंच होतात."

पुढची जाळी सुटली, पाती निघाली. पात्यांवर तेल आणि धूळ मिळून काळं मेण झालं होतं. ती त्यानं ताईकडे साबणाच्या पाण्यात घालायला दिली, म्हणजे तिच्या हाताला काम मिळालं आणि तोंडाला जरा विसावा. पायाच्या खालचा पत्रा उघडला तेव्हा आत कपॅसिटर दिसला. प्लग काढून एक रात्र उलटली होती, तरी त्यानं त्याला नुसता हात लावला नाही. कपॅसिटरच्या पोटात वीज दबा धरून बसते. बल्बच्या होल्डरला जोडलेल्या दोन तारा त्यानं त्याच्या दोन टोकांना टेकवून ठेवल्या, मनात वीस मोजले, आणि मगच बोटं आत घातली.

आतल्या तारा एके काळी लाल, काळ्या, हिरव्या असतील. आता सगळ्या चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या. कुठली कुठे गेली हे त्यानं कागदावर काढून घेतलं आणि प्रत्येक तारेला दोरा बांधला; एकीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन. लक्षात राहील असं म्हणणाऱ्या वायरमनवर त्याचा कधीच विश्वास नव्हता, आणि स्वतःवर तर हल्ली मुळीच नव्हता.

चूक सापडायला वेळ लागला नाही. पंख्याची मान जिथे फिरते तिथून तारा वर जातात. पंचेचाळीस वर्षं मान इकडून तिकडे, तिकडून इकडे वळत राहिली आणि तारेवरचं कापडी आवरण घासत राहिलं. एका ठिकाणी आता नुसतं तांबं उरलं होतं आणि ते लोखंडाला टेकलं होतं.

त्यानं ताईला बोलावून दाखवलं. तिनं चष्मा लावला, बघितलं. "एवढंसं?"

"एवढंसंच असतं ते," तो म्हणाला. "दर वेळी एवढंसंच असतं."

कचेरीतून आणलेला मेगर त्यानं लावला. मोटारीच्या वेटोळ्यातली वीज लोखंडात किती झिरपते हे दाखवणारी ती हातानं फिरवायची पेटी. मूठ फिरवली, तर काटा भरपूर वर गेला. म्हणजे आतलं वेटोळं ठणठणीत होतं, दुखणं तारांपुरतंच होतं. त्याला उगाच बरं वाटलं. किती दिवसांनी काहीतरी उघडलं होतं आणि आतून जिवंत निघालं होतं.

मग तो रमला. मानेतून नव्या तारा घेतल्या, त्या जाड नळीत घातल्या आणि मान दोन्ही बाजूंना पूर्ण वळली तरी ताण पडणार नाही एवढी ढील ठेवली. जोड नुसते पिळले नाहीत. कथलाचा डाग देऊन पक्के केले आणि त्यावर नळी चढवली. पायाच्या भोकाला रबरी कडं बसवलं, म्हणजे लोखंडाची धार वायरीला कापणार नाही. वायर आत पट्टीनं आवळली, म्हणजे कुणी ओढली तरी हिसका जोडावर येणार नाही. जुनी वायर दोन तारांची होती, नवी तीन तारांची. तिसरी, हिरवी-पिवळी, ती पंख्याच्या अंगाला जोडायची. त्यासाठी त्यानं पायाच्या आतला रंग पॉलिशच्या कागदानं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासला आणि दातेरी वायसर घालून स्क्रू करकचून आवळला. तीन पिनांच्या प्लगमध्ये ती तिसरी तार बाकीच्या दोघींपेक्षा बोटभर लांब ठेवली.

"ती का लांब?" ताई आता खुर्ची ओढून शेजारीच बसली होती.

"उद्या वायर ओढून तुटलीच, तर बाकीच्या आधी तुटाव्यात. ही शेवटपर्यंत टिकावी."

"बरं आहे," ताई म्हणाली. "घरात कुणीतरी तसं लागतं."

त्यानं वर पाहिलं, पण ती खिडकीबाहेर बघत होती.

दांडा जिथे फिरतो त्या बुशात दोन थेंब तेल पडलं, धुतलेली पाती चढली, हातानं फिरवल्यावर पंखा आवाज न करता बराच वेळ फिरत राहिला. प्लगच्या तिसऱ्या पिनेपासून जाळीपर्यंत मीटर लावून पाहिला. वाट मोकळी होती. बाकीच्या दोन पिनांपासून जाळीपर्यंत बंद होती. जशी हवी तशीच. दुपार झाली होती आणि ताई म्हणाली, "आता लाव एकदाचा."

"आधी सॉकेट बघू दे."

ही नुसती सवय होती. भिंतीवर तीन भोकांचं चांगलं दणकट सॉकेट होतं. त्यानं तपासणीच्या बल्बची एक तार विजेच्या भोकात घातली आणि दुसरी तिच्या जोडीदार भोकात. बल्ब लख्ख लागला. मग दुसरी तार काढून वरच्या मोठ्या भोकात घातली, जिथे तिसरी पिन जाते. बल्ब लागला नाही.

त्यानं तार हलवून पाहिली. काढून पुन्हा घातली. बल्ब ढिम्म.

मेन स्विच बंद करून, फ्यूज स्वतःच्या खिशात टाकून त्यानं सॉकेटचं झाकण उघडलं. दोन स्क्रूंना दोन तारा होत्या. तिसऱ्या स्क्रूला काहीच नव्हतं. तार तुटलेली नव्हती, सैल झालेली नव्हती; तिथे ती कधी आलीच नव्हती. स्क्रू कारखान्यातून आला तसाच चमकत होता. मग त्यानं स्वयंपाकघरातलं सॉकेट उघडलं, मग पलंगाजवळचं, मग दाराजवळचं. चारही तशीच.

तो भिंतीला टेकून फरशीवर बसला.

"काय झालं?" ताईनं विचारलं. "म्हणजे तुझी ती तिसरी तार जाते कुठे?"

"कुठेच जात नाही. भोक नुसतं दाखवायला आहे."

"आणि तुला हे आज कळलं? या घरी वीस वर्षं येतोस तू."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण तो तसाच बसून राहिला, हातात स्क्रूड्रायव्हर. ताईनं पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवला तरी त्याचं लक्ष गेलं नाही. मग ती स्वतः गुडघे धरत हळूहळू खाली बसली.

"बोल. लोक फोनवर जे बोलत नाहीत ते मी पस्तीस वर्षं ऐकलंय. पंख्याचं नाहीये हे."

पंख्याचं नव्हतंच. चार वर्षांपूर्वी एका शिंप्याची बायको कपड्यांना इस्त्री करताना गेली होती. इस्त्रीची वायर तुटली होती आणि शिंप्यानं ती घरीच जोडून चिकटपट्टी गुंडाळली होती. जोड सुटला, तार इस्त्रीच्या लोखंडाला लागली. फरशी नुकतीच पुसलेली. टेस्टर तिथे गेला तेव्हा त्यानं इस्त्री उघडली, जोड पाहिला, आणि कारण हाताशी आलं. त्या दिवशी अजून एक घर व्हायचं होतं, साहेब बाहेर गाडीत बसले होते. छापील अर्जावर एक ओळ होती: 'तीन पिनी सॉकेट: आहे / नाही.' त्यानं भिंतीकडे नजर टाकली. तीन भोकं होती. 'आहे'वर खूण केली. सॉकेट उघडलं नाही. खाली कारण लिहिलं: घरातील व्यक्तीने केलेली अकुशल दुरुस्ती.

तो निघताना शिंप्यानं विचारलं होतं, "साहेब, पण प्लग तर तीन पिनी होता ना? तीन पिनी असला की धोका नसतो म्हणतात."

"मग?" ताईनं विचारलं. "तू काय म्हणालास?"

"म्हणालो, जोड नीट नव्हता."

ताई जराशानं म्हणाली, "खोटं नाही बोललास."

"नाही ना. तेच तर."

"मग जा, आणि बघून ये त्याचं सॉकेट."

"फाइल बंद झालीय, ताई. चार वर्षं झाली."

"फाइल बंद झाली असेल. माणूस आहे ना अजून?"

मंगळवारी त्यानं आधी ताईच्या घराचं काम पुरं केलं. तळमजल्यावर मीटरच्या पेटीपाशी जमिनीत गेलेली जाड तार होती. ती तपासली, शाबूत निघाली. तिथून हिरवी तार तीन मजले वर आणताना जिन्यावर इतक्या वेळा चढउतार झाली की शेवटी तो प्रत्येक वळणावर बसू लागला. चारही सॉकेटांना तार पोचली. मेनजवळ, वीज जरा कुठे झिरपली की क्षणात आपोआप बंद होणारा एक स्विचही बसवला. बल्ब तिसऱ्या भोकात लख्ख लागला तेव्हा ताईनं उलथनं नेऊन स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलं. पंखा सुरू झाला. ती त्याच्यासमोर पाच मिनिटंही बसली नसेल, डोळे मिटले. तो पिशवी उचलून पाय न वाजवता बाहेर पडला.

शिंप्याकडे जायला त्याला आणखी चार दिवस लागले. रोज संध्याकाळी ठरवायचा आणि रोज पाय घराकडे वळायचे.

दुकान पुढे आणि राहायची खोली मागे, असं ते घर होतं. शिंपी पायानं चालवायच्या मशीनवर बसला होता, मानेवरून घाम ओघळत होता. खोलीत पंखा नव्हता. कोपऱ्यात कोळशाची इस्त्री धुमसत होती. छतातला एक बल्ब सोडला तर त्या माणसानं घरातून वीज हद्दपार केली होती.

"ओळखलंत?"

शिंप्यानं मशीन थांबवलं. "ओळखलं. तुम्ही इस्त्री पिशवीत घालून नेलीत. परत आणून दिली नाहीत."

"ती तपासाची वस्तू असते." हे बोलल्यावर त्याचं त्यालाच कसंसं झालं. "मला तुमचं सॉकेट बघायचंय. तेव्हा बघायचं राहिलं."

शिंप्यानं कात्रीच्या टोकानं आतली भिंत दाखवली. सॉकेटवर आडवी-उभी चिकटपट्टी मारलेली होती आणि चार वर्षांत त्याला कुणी हात लावलेला नव्हता. मेन बंद करून, पट्ट्या सोलून त्यानं झाकण काढलं. काय दिसणार हे त्याला माहीत होतं, तरी त्यानं बॅटरी अगदी जवळ नेली. दोन तारा. तिसरा स्क्रू नवाकोरा.

तो शिंप्यासमोर स्टुलावर येऊन बसला आणि जमेल तितकं सरळ सांगितलं. "तिसरी पिन असते ती लोखंडात शिरलेली वीज जमिनीत नेऊन सोडायला. तुमच्या भिंतीत ती तारच नाही. कधी नव्हती. असती तर जोड सुटल्याबरोबर फ्यूज उडाला असता. इस्त्री बंद पडली असती, आणि त्यांनी तुम्हाला हाक मारून सांगितलं असतं, अहो, इस्त्री पुन्हा बिघडली म्हणून."

शिंपी गुडघ्यावरच्या कापडाच्या तुकड्याची घडी करत राहिला. घडी झाली, मोडली, पुन्हा केली.

"म्हणजे माझी चूक नव्हती?"

नव्हती, असं म्हणणं किती सोपं होतं. टेस्टरला तो मोह झालाही.

"होती," तो म्हणाला. "तसा जोड बांधायचा नसतो. पण एकट्या त्या चुकीनं माणूस जात नाही. आधी कुणीतरी तार न घालता तीन भोकं बसवून गेलं. आणि नंतर मी ती न उघडता 'आहे' म्हणून लिहिलं."

"तुमच्या लिहिण्यानं ती गेली नाही."

"नाही. पण तुम्ही ते डोक्यावर घेऊन राहिलात."

मग शिंप्यानं विचारलं, "चार वर्षं कुठे होतात हो तुम्ही?" आवाजात राग नव्हता, माणूस बाजारातून उशिरा आलेल्याला विचारतो तसं विचारलं. शिंप्याला उत्तर नकोच असावं. तो म्हणाला, "माझ्या मुलीला सांगा हे. तिला तुमचं ते वाक्य पाठ आहे. 'घरातील व्यक्तीने केलेली अकुशल दुरुस्ती.' लग्न होऊन गेली, इकडे येत नाही. मी सांगितलं तर तिला वाटेल, बाबा स्वतःची कातडी वाचवतायत."

सोमवारी त्यानं कचेरीत जुन्या अहवालाला जोडायचं पूरक टिपण लिहिलं. साहेबांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "तो अहवाल माझ्या काळातला नाही. आणि तुमचं आता वर्षच राहिलंय. कशाला खाजवून खरूज काढता?"

"खूण मी केली होती, साहेब."

"ठीक आहे. टाका आवक नोंदीत. मी अडवत नाही. सहीही करत नाही."

त्यानं टाकलं, नोंदीचा क्रमांक पडला, आणि शिक्का मारलेली एक प्रत घेऊन तो शहराच्या दुसऱ्या टोकाला शिंप्याच्या मुलीकडे गेला. ती औषधांच्या दुकानात कामाला होती, सुट्टीचा दिवस बघून तो गेला. तिनं दार अर्धंच उघडलं आणि दारातच उभं राहून सगळं ऐकलं. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"हे लिहून द्याल?"

"आणलंय."

तिनं कागद दोनदा वाचला. "यावर साहेबांची सही नाही."

"नाही. माझ्या एकट्याची आहे."

तिनं कागदाची घडी केली. मग दार पूर्ण उघडलं. "आत या. आधी आमची सॉकेटं बघा."

पाच सॉकेटं होती. त्यानं मेन बंद केला आणि एकेक उघडायला घेतलं. ती स्टूल धरून उभी राहिली, बॅटरीचा उजेड पाडत. पहिल्यात तार होती. दुसऱ्यात नव्हती. तिसऱ्यात होती, पण सैल. त्यानं ती आवळली. चौथ्याचा स्क्रू गंजलेला होता, निघेना. तो त्याच्याशी झटत असताना ती एकदम म्हणाली,

"त्या दिवशी सकाळी मीच बाबांना म्हटलं होतं. दुरुस्तीला कशाला टाकता, आठवडाभर अडेल, तुम्हीच जोडा की. मी म्हटलं होतं."

त्याचा हात थांबला.

"हे त्यांना माहीत आहे?" त्यानं विचारलं.

"ते विसरले असतील. नाहीतर मुद्दाम काढत नसतील." बॅटरीचा उजेड खाली फरशीकडे सरकला होता. "त्यांनी एकदा तरी म्हणावं ना, तूच सांगितलं होतंस म्हणून. एकदा तरी."

"जरा वर धरा उजेड," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "वायर जोडायला सांगणं आणि भिंतीत तार नसणं, यांत पुष्कळ अंतर आहे. मी रोज मोजतो ते."

चौथ्याचा स्क्रू अखेर सुटला, आत तार नव्हती. पाचव्या सॉकेटात तार होती.

त्यानंतर महिन्याभरानं शिंप्यानं निरोप पाठवला: घरात अर्थिंग करून घ्यायचंय, आणि एक जुना पंखा मिळालाय तोही बघावा. टेस्टर रविवारी सकाळी गेला. मीटरपासून तार ओढेपर्यंत त्याची कंबर धरली. पंख्याच्या वायरीचे जोड करायची वेळ आली तेव्हा शिंपी शेजारी येऊन बसला. "मला दाखवा. नीट कसा करायचा असतो."

त्यानं दाखवलं. कापडी आवरण किती सोलायचं, तारा एकमेकींत कशा गुंफायच्या, डाग कसा द्यायचा, नळी कुठवर चढवायची. दुसरा जोड शिंप्यानं केला. सुईत दोरा ओवणारी बोटं, जोड सुरेख झाला. टेस्टरनं तो ओढून पाहिला आणि मान हलवली. मागच्या खोलीतून शिंप्याची मुलगी तीन कप चहा घेऊन आली. बापाशी ती फारसं बोलत नव्हती, पण जाताना तिनं त्याच्यापुढची कात्री उचलून, मागे रांगत आलेल्या आपल्या लहान मुलाच्या हाताला लागू नये म्हणून, वर फळीवर ठेवली.

दुपारी तो रस्त्यावर आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि गुडघे बोलत होते. तेवढ्यात कचेरीतून फोन आला. उद्या सकाळी आठ वाजता निघायचंय, गाडी घ्यायला येईल. एका घरी पाण्याची मोटार लावताना एक माणूस गेलाय.

त्यानं भिंतीला कागद टेकवून पत्ता लिहून घेतला.

"आणि त्यांना कळवा," तो फोनवर म्हणाला, "मी येईपर्यंत सॉकेटला कुणी हात लावू नका म्हणावं."